प्रस्तावना : भ्रूणाचा पहिला परिसर

गर्भवतीने काय खावे, कोणते कष्ट टाळावेत, तिचे मन कसे राखावे याविषयी आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या काळजी वाहिली, डोहाळे पुरविले, औषधी काढे सांगितले. परंतु ती सर्व काळजी गर्भ राहिल्याची खूण पटल्यानंतर सुरू होई, आणि त्यापूर्वीचे जे पाच-सहा दिवस, ज्यांत फलित बीज बीजवाहिनीतून हळूहळू गर्भाशयाकडे येते, एकाचे दोन, दोहोंचे चार असे विभागत शंभराच्या आसपास पेशींचा एक पोकळ गोल बनते आणि गर्भाशयाच्या अस्तरात रुजण्याची तयारी करते, ते दिवस कोणाच्याही दृष्टीस पडत नसल्यामुळे कोणाच्याही चिंतेचा विषय झाले नव्हते. १९७८ साली शरीराबाहेर फलित झालेल्या बीजातून पहिले मूल जन्मल्यानंतर ही स्थिती पालटली. आजवर जगात एक कोटीहून अधिक मुले अशी जन्मली आहेत की ज्यांचे हे पहिले दिवस मातेच्या शरीरात नव्हे तर प्लास्टिकच्या छोट्या तबकडीत, तेलाच्या थराखालील द्रवाच्या एका थेंबात गेले. आणि त्या थेंबात काय असावे, तो किती उष्ण असावा, त्यावरील हवेत प्राणवायू किती असावा, हे सर्व ठरविण्याचे उत्तरदायित्व निसर्गाकडून माणसाकडे आले. हे उत्तरदायित्व माणसाने कसे पेलले, त्यात त्याला काय उमगले आणि त्या ज्ञानातून कोणती कर्तव्ये उत्पन्न होतात, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय होय.

असे पुस्तक नगर (अहिल्यानगर) जिल्ह्यात बसून मराठीत का लिहावे, याचा खुलासा आरंभीच करणे उचित होईल. ज्या उपचारासाठी पूर्वी मुंबई किंवा पुणे गाठावे लागे तो आता नगर शहरात आणि संगमनेरसारख्या मोठ्या गावांतही मिळू लागला आहे. पाथर्डीच्या किंवा जामखेडच्या दुष्काळी गावातून आलेले, जमिनीचा तुकडा गहाण ठेवून उपचाराची रक्कम उभी करणारे जोडपे दवाखान्यात खर्च विचारते, यशाची शक्यता विचारते, दिवस विचारते. परंतु आपले भ्रूण ज्या द्रवात वाढणार आहे त्याविषयी एक अक्षरही विचारत नाही, कारण तो प्रश्न विचारण्याजोगा आहे हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. दुसरे असे की, लोणीसारख्या खेड्यात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहून चार दशके लोटली, आणि तेथे व अन्यत्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना या शास्त्राची सलग ओळख मातृभाषेत करून देणारा ग्रंथ हाताशी असावा, अशी निकड मला दीर्घकाळ वाटत आली आहे.

या शास्त्राचा इतिहास हा मुख्यत्वेकरून द्रावणांचा इतिहास आहे. १९५६ साली व्हिटन यांनी आठ पेशींचे उंदराचे भ्रूण मीठ, साखर व अल्ब्युमिन यांच्या साध्या द्रावणात पुढच्या अवस्थेपर्यंत वाढविले. दोनच वर्षांनी अ‍ॅन मॅक्लॅरेन आणि जॉन बिगर्स यांनी अशा रीतीने वाढविलेली भ्रूणे मादीच्या गर्भाशयात ठेवून जिवंत पिल्ले जन्मास आणली. आणि १९६३ मध्ये राल्फ ब्रिन्स्टर यांनी तेलाखाली थेंब ठेवण्याची जी रीत सांगितली ती आजही जगभर चालू आहे. रॉबर्ट एडवर्ड्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली मानवी बीजाचे शरीराबाहेर फलन घडल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक वर्षांच्या अपयशानंतर आलेल्या त्या यशाचे मोठे श्रेय बॅरी बॅव्हिस्टर या तरुण संशोधकाने हॅम्स्टरच्या बीजासाठी सिद्ध केलेल्या, अल्कता किंचित वाढविलेल्या द्रावणाकडे जाते. बीज तेच होते, शुक्राणू तेच होते. त्यांच्या भोवतीचे पाणी तेवढे बदलले होते.

आपल्या देशातील वृत्तान्त याहून करुण आहे. ते पहिले मूल, लुईस ब्राउन, इंग्लंडात जन्मल्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली; तिचे भ्रूण आठ पेशींच्या अवस्थेत गोठवून त्रेपन्न दिवस राखलेले होते, जी गोष्ट त्या काळी जगात अन्यत्र कोणी मनुष्याच्या बाबतीत साधली नव्हती. शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचे म्हणणे फेटाळले आणि १९८१ मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या संयुक्त परिश्रमाने हर्षा जन्मली आणि भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. परंतु याच आनंद कुमारांनी नंतर मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे मिळवून ती बारकाईने तपासली, आणि १९९७ साली अग्रमान त्यांचा आहे असे जाहीर करून स्वतःच्या संघाकडील बहुमान आपणहून सोडला. हा प्रसंग मी येथे केवळ त्यातील मनाच्या मोठेपणासाठी सांगत नाही. मृत्यूनंतर सोळा वर्षांनी त्या वैद्याला न्याय मिळाला, तो त्याने काय केले, केव्हा केले, कोणत्या द्रव्यात केले याचा लेखी दाखला मागे राहिला होता म्हणून मिळाला. आणि नोंदीचे हे माहात्म्य या पुस्तकात पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता संवर्धन-माध्यमात, ज्याला प्रयोगशाळेत सर्वजण ‘मीडिया’ म्हणतात त्यात, काय असते ते पाहू. क्षार, पायरुव्हेट, लॅक्टेट, ग्लुकोज, अमिनो आम्ले, अल्ब्युमिन आणि आम्लता स्थिर राखणारे बायकार्बोनेट ही त्यातील मुख्य द्रव्ये. पहिल्या दोन-तीन दिवसांत भ्रूण ऊर्जेसाठी प्रामुख्याने पायरुव्हेटवर अवलंबून असते आणि ग्लुकोजची त्याची गरज नंतर वाढते. म्हणून कोणी दोन टप्प्यांची दोन माध्यमे वापरतात, तर कोणी आरंभापासून अखेरपर्यंत एकच. १९८५ मध्ये क्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी बीजवाहिनीतील द्रवाच्या घटनेवरून एक माध्यम रचले, ते एचटीएफ या नावाने प्रसिद्ध आहे. आम्लता (पीएच) ७.२ ते ७.४ या अरुंद पट्ट्यात राखावी लागते, उष्णता ३७ अंश, आणि कार्बन डाय-ऑक्साइड पाच-सहा टक्के. प्राणवायूचा प्रश्न अधिक गहन आहे : वातावरणात तो सुमारे वीस टक्के असतो, परंतु बीजवाहिनीत त्याचे प्रमाण दोन ते आठ टक्क्यांच्या दरम्यान राहते, आणि तरीही कित्येक वर्षे मानवी भ्रूणे वीस टक्क्यांतच वाढविली गेली; पाच टक्क्यांचा इन्क्युबेटर हा खर्चिक असला तरी हितकर आहे, हे मत पुढे पुराव्याने बळावले. याखेरीज माध्यमातील ग्लुटामीन हे उबेत विघटित होऊन अमोनिया निर्माण करते आणि तो भ्रूणास अपायकारक ठरतो, हे कळल्यावर त्या जागी अधिक स्थिर संयुग योजण्यात आले. आपल्या जिल्ह्यात, जेथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, जेथे वीज केव्हा जाईल याची शाश्वती नाही, जेथे कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त आणि हवा धुळीची आहे, तेथे दोन ते आठ अंशांत राखावयाची माध्यमाची बाटली पुण्याहून येथवर कशी आणावी, भिंतींना नुकत्याच दिलेल्या रंगाचा आणि स्पिरिटचा वाफारा इन्क्युबेटरपासून कसा दूर ठेवावा, ही तजवीज औषधयोजनेइतकीच महत्त्वाची ठरते.

भ्रूण जगले, विभागले आणि रुजले म्हणजे माध्यम निर्दोष ठरले, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती का टिकली नाही, हे समजण्यासाठी एडिंबर्गचे शास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांच्या विचाराकडे वळावे लागते. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या भ्रूणाचे काचपात्रातील संवर्धन रुजविणाऱ्या आणि भ्रूणविकासशास्त्रज्ञांच्या पिढ्या घडविणाऱ्या डॉ. लीला मुळहेरकर या त्यांच्याच विद्यार्थिनी, म्हणून तो विचार महाराष्ट्राला अगदीच परका नाही. वॉडिंग्टन यांनी पेशीच्या भवितव्याचे चित्र डोंगरउतारावरील चेंडूसारखे रेखाटले : अकोले तालुक्यात रतनगडाच्या माथ्यावर पडलेले पाणी जसे एका बाजूस प्रवरेच्या खोऱ्यात आणि दुसऱ्या बाजूस कोकणात उतरते, आणि एकदा उतरल्यावर परत माथ्यावर चढत नाही, तशी आरंभीची पेशी एकेका खोऱ्यात उतरत त्वचेची, रक्ताची वा मज्जेची होते. सर्व पेशींतील जनुके तीच असतात; कोणते जनुक बोलावे आणि कोणते मूक राहावे हे त्यांवरील रासायनिक चिन्हांनी, विशेषेकरून मिथिल गटांनी, निश्चित होते. फलनानंतरच्या पहिल्याच दिवसांत आईबापांकडून आलेली यांपैकी बहुतेक चिन्हे पुसली जाऊन नवी लिहिली जातात, आणि मोजकी काही जनुके, ज्यांची मातृक किंवा पितृक प्रत मूक राहणे गर्भाच्या वाढीसाठी आवश्यक असते, तेवढी या फेरफारातून सुरक्षित राखावी लागतात. ज्या काळात हे नाजूक काम चालते, नेमका तोच काळ भ्रूण तबकडीत घालविते.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदराची भ्रूणे दोन भिन्न माध्यमांत वाढविली गेली. अमिनो आम्लांनी युक्त अशा सुधारित माध्यमात एच-१९ या जनुकाची पितृक प्रत बहुतांशी मूक राहिली, तर व्हिटन यांच्या जुन्या माध्यमात ती बोलू लागली. दोन्हीकडची भ्रूणे सूक्ष्मदर्शकाखाली मात्र धडधाकट दिसत होती. गुराढोरांच्या बाबतीत हा परिणाम डोळ्यांना दिसेल इतका ठळक झाला. रक्तद्रवयुक्त माध्यमात वाढविलेल्या भ्रूणांपासून जन्मलेली काही वासरे आणि कोकरे प्रमाणाबाहेर मोठी निघत, प्रसूती अवघड होई, आणि त्यांतील कित्येक दगावत. मेंढ्यांमध्ये या विकृतीचा संबंध वाढीवर अंकुश ठेवणाऱ्या एका जनुकाच्या पुसलेल्या मिथिल चिन्हांशी २००१ मध्ये जोडला गेला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने सिद्ध केलेली ‘फुले त्रिवेणी’ गाय ज्यांच्या गोठ्यात आहे, आणि द्रवरूप नायट्रोजनचे भांडे घेऊन फिरणारा पशुवैद्य ज्यांच्या नित्य परिचयाचा आहे, त्या आमच्या दूध उत्पादकांनी हा भाग अवश्य वाचावा; कारण जिल्ह्याच्या सीमेलगत शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई येथे देशी गायींची भ्रूणे प्रयोगशाळेत सिद्ध करण्याचे काम चालते, आणि उद्या ते तंत्र त्यांच्या दारी येणार आहे.

मनुष्याच्या बाबतीत काय? २००३ च्या सुमारास निरनिराळ्या देशांतून असे वृत्तान्त आले की, बेकविथ-वीडमन या नावाची, अतिवाढीची एक दुर्मीळ विकृती अशा उपचारांतून जन्मलेल्या मुलांत काहीशी अधिक आढळते. येथे विवेक सुटता कामा नये : ही विकृती सामान्यतः दहा हजारांहून अधिक जन्मांत एखादी असते, आणि तिचे प्रमाण काही पटींनी वाढले तरी ती दुर्मीळच राहते; या मार्गाने जन्मलेली बहुसंख्य मुले निरोगी आहेत, हे प्रत्येक जोडप्याला प्रथम सांगितले पाहिजे. परंतु त्यानंतर जे आणखी सांगितले पाहिजे, ते नेदरलंड्समधून आले. तेथील मास्ट्रिख्ट नगरीतील संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले की, दोन भिन्न कंपन्यांच्या माध्यमांत वाढलेल्या भ्रूणांपासून जन्मलेल्या एकेकट्या (जुळ्या नसलेल्या) मुलांच्या जन्मवजनात सरासरी सुमारे २४५ ग्रॅमचा फरक पडला. पुढे सहा केंद्रांनी मिळून ८३६ जोडप्यांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकाव्या तशी निःपक्ष वाटणी केली, एका गटाची भ्रूणे जुन्या एचटीएफमध्ये आणि दुसऱ्याची जी-५ या नव्या माध्यमात वाढविली, आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : जी-५ मध्ये उपयोगी भ्रूणे अधिक मिळाली, गर्भ अधिक राहिले, परंतु जन्मलेल्या मुलांचे वजन सरासरी १५८ ग्रॅमने कमी भरले. ज्या द्रावणात वाढलेल्या भ्रूणांपासून अधिक गर्भ राहिले त्याच द्रावणाने जन्मलेल्या मुलाचे वजन घटविले, ही गोष्ट ज्याने एकदा वाचली त्याला माध्यमाची निवड ही केवळ भांडार-खरेदीची बाब राहत नाही.

हे १५८ ग्रॅम आपण कोणत्या तराजूत तोलावेत, हे ठरविण्याची सामग्री आपल्या शेजारीच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालविला, त्यात नवजात बालकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले, इंग्लंडातील बालकाच्या तुलनेत सुमारे आठशे ग्रॅमने कमी. आणि तरीही त्या कृश बालकाच्या अंगात चरबीचा अंश सापेक्षतः राखलेला होता, ज्याचा संबंध पुढील आयुष्यातील मधुमेहाशी पोहोचतो. गर्भारपणात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध घेणाऱ्या मातांची मुले अधिक वजनाची निघाली. आणि ज्या मातांच्या रक्तात फोलेट अधिक परंतु ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध सर्वांत अधिक दिसला. फोलेट आणि ब-१२ ही दोन्ही द्रव्ये शरीरातील मिथिल गटांच्या पुरवठ्याशी निगडित आहेत, म्हणजे ज्या चिन्हांची गोष्ट आपण तबकडीतील भ्रूणाविषयी करीत आलो तीच येथे शेतात राबणाऱ्या मातेच्या भाकरीशी येऊन मिळते. पुण्याजवळच्या त्या खेड्यांतील मातेचे गर्भाशय आणि परदेशातून आलेली माध्यमाची बाटली हे दोन्ही त्या जीवाचे परिसर आहेत, आणि दोहोंपैकी एकाचे मोजमाप घेऊन दुसऱ्याचे न घेणे हे शास्त्राला शोभणारे नाही.

मूलपेशींचे प्रकरण याच सूत्राचा पुढचा विस्तार आहे. १९९८ साली विस्कॉन्सिन येथे जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून प्रथम मूलपेशींचे वाण वेगळे केले. आनंद कुमार यांच्या परळच्या संस्थेतही, जी आज राष्ट्रीय प्रजनन आणि बालस्वास्थ्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, अशी किंड-१ आणि किंड-२ ही दोन वाणे निर्माण झाली. आरंभी या पेशी उंदराच्या पेशींच्या थरावर, ज्याला ‘फीडर’ म्हणतात त्यावर, वाढवीत. २००५ मध्ये आढळले की या मूलपेशी उंदराकडील आणि पशुरक्तद्रवातील एक परकी शर्करा शोषून आपल्या पृष्ठभागावर मिरवितात, आणि मानवी रक्तातील प्रतिद्रव्ये तिला शत्रू मानतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पिढ्यामागून पिढ्या, म्हणजे पॅसेजमागून पॅसेज, तबकडीत वाढणाऱ्या पेशींत निवड चालते : जी पेशी त्या परिस्थितीत अधिक वेगाने वाढते किंवा मरण टाळते तिचीच संतती उरते. अडतीस प्रयोगशाळांतील १२५ वाणांची जी आंतरराष्ट्रीय पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत विसाव्या गुणसूत्राचा एक छोटा खंड वारंवार द्विगुणित झालेला आढळला. त्या खंडात पेशीला मृत्यूपासून वाचविणारे एक जनुक वसते, आणि कर्करोगातही असे बदल दिसतात. इतकेच नव्हे, तर तबकडीचा कठीणपणादेखील पेशीच्या भवितव्यात ढवळाढवळ करतो : अस्थिमज्जेतील मूलपेशी मऊ थरावर ठेवल्या तर चेतापेशींची, मध्यम थरावर स्नायूंची आणि कठीण थरावर हाडांच्या पेशींची लक्षणे धारण करू लागतात, असे २००६ मध्ये सिद्ध झाले. म्हणून जेव्हा गुडघेदुखीपासून मतिमंदत्वापर्यंत सर्व व्याधींवर ‘स्टेम सेल’ची जाहिरात वर्तमानपत्रात झळकते, तेव्हा वाचकाने प्रथम विचारावे की या पेशी कोणत्या द्रवात, किती पॅसेज वाढविल्या आणि त्यांची गुणसूत्रे कोणी तपासली, आणि हेही ध्यानी धरावे की, २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही रक्तविकारांवरील रक्तमूलपेशींच्या रोपणाखेरीज अन्य वापर हा केवळ मंजूर चाचणीच्या चौकटीतच करावयाचा आहे.

येथवर आलेल्या विवेचनातून माझा एकच आग्रह निष्पन्न होतो, आणि तो मी स्पष्ट शब्दांत नमूद करतो. माध्यमाच्या बाटलीवर घटकांची नावे छापलेली असतात, परंतु त्यांची प्रमाणे बहुधा व्यापारी गुपित म्हणून झाकलेली राहतात. जे द्रव्य मानवी जीवाच्या पहिल्या पाच दिवसांचे अन्न, पाणी आणि हवा आहे, त्याची प्रमाणे गुप्त ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीस असू नये. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियमाने दवाखान्यांना आपले दप्तर दहा वर्षे सांभाळून नंतर राष्ट्रीय नोंदणीच्या मध्यवर्ती संग्रहाकडे सोपविण्याचे बंधन घातले आहे. त्या दप्तरात प्रत्येक केसपेपरवर माध्यमाचे नाव, बॅच क्रमांक, प्राणवायूचे प्रमाण, संवर्धनाचे दिवस आणि भ्रूण ताजे की गोठविलेले, एवढे पाच रकाने असावेत. त्यांना मुलाचे जन्मवजन आणि पाचव्या वर्षीची उंची व वजन जोडले जावे. आणि ही माहिती जोडप्याच्या हाती मराठीत लिहून दिली जावी. यास मोठी रक्कम लागत नाही. आपल्याकडे गावोगावी जन्माची नोंद होते आणि अंगणवाडीत दरमहा मुलाचे वजन होते. ज्या व्यवस्थेला एवढे साधते, तिला हे पाच रकाने अवघड नाहीत.

पुस्तकाची मांडणी चार भागांत केली आहे. पहिल्या भागात भ्रूणाचे पहिले सहा दिवस, दुसऱ्यात माध्यम, वायू, उष्णता आणि पात्र यांचा तपशील, तिसऱ्यात त्यांचे मुलांवरील व पशूंवरील परिणाम, आणि चौथ्यात मूलपेशी आणि चौदा दिवसांच्या मर्यादेचा नैतिक विचार आहे. ही मर्यादा १९८४ च्या वॉर्नॉक समितीने सुचविली व आपल्या देशानेही स्वीकारली. परंतु २०१६ मध्ये दोन प्रयोगशाळांनी मानवी भ्रूण बारा-तेरा दिवस तबकडीत वाढवून दाखविल्यावर ती प्रथमच कसोटीस लागली, म्हणून तिची साधकबाधक चर्चा सविस्तर केली आहे. ज्या एम्ब्रिऑलॉजिस्ट मित्रांनी रात्री-अपरात्री इन्क्युबेटरजवळ उभे राहून मिळविलेले ज्ञान मजजवळ मोकळेपणी सांगितले, त्यांचा मी ऋणी आहे.

हा ग्रंथ वाचून मूल व्हावे म्हणून आलेल्या कोणा जोडप्याच्या मनात भय उत्पन्न होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. भय अज्ञानात असते, आणि येथे जे सांगितले आहे ते ज्ञान आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी दोन प्रश्न विचारावेत : आमचे भ्रूण कोणत्या माध्यमात वाढणार, आणि त्याची नोंद आम्हाला मिळेल काय? या प्रश्नांचे उत्तर मागणे हा त्यांचा हक्क आहे, आणि ते देता येईल अशा रीतीने दप्तर ठेवणे हे त्या जीवाला पहिले पाच दिवस सांभाळणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

अहिल्यानगर